रंग : पांढरा

दिवाळीपासून कॅमेरा कपाटात होता.
म्हणजे लग्नांना निघायचा, पण तसा कपाटातच.
वरमाला, अक्षता, नवरी हसताना, नवरी रडताना,
बोट आपलं आपण दाबायचं
आणि मी पंगत कुठवर आली ते बघायचो.
आर्वीच्या बसस्टँडसमोर माझा स्टुडिओ.
पासपोर्ट फोटो, आठाला साठ रुपये.
टोपी घालून कुणी आलं की ठरलेलं वाक्य :
‘काका, टोपी काढा, पांढऱ्यावर पांढरं येत नाही.’

पळस पेटला तेव्हा बायको म्हणाली, जाऊन या.
गेलो. गाडी लावली. झाडाकडे बघितलं.
गेल्या वर्षीचाच फोटो उभा होता तिथं.
परत आलो.

मग गुरांचे डॉक्टर इवनाते आले, विम्याचं काम घेऊन :
खैरीहेटीची एक्केचाळीस गवळाऊ जनावरं,
प्रत्येकाचे तीन फोटो,
कानातला बिल्ला वाचता आला पाहिजे,
जनावरामागे तीस रुपये.
पैशांसाठी हो म्हटलं. दुसरं काही नाही.

गोठ्याच्या भिंतीला चादर बांधून ठेवली होती,
फोटो चांगला यावा म्हणून, पांढरीशुभ्र.
पांढऱ्या चादरीसमोर पांढरी गाय.
मी कपाळाला हात लावला.
डॉक्टर मान वर न करता फॉर्म भरत होते.
रंग : पांढरा. रंग : पांढरा. रंग : पांढरा.

सयत्राबाई घंगारे दावं धरून उभी.
‘काय लिवता जी?’
डॉक्टरांनी वाचून दाखवलं.
ती एकदा कागदाकडे, एकदा गाईंकडे बघत राहिली,
कुणीतरी तिच्या पोरींना एकच नाव ठेवल्यासारखी.
‘यातली पांढरी कोन्ती?’

‘हे राखी. चुलीतली नाई, गोवरीची राख, सकायची.
हे पिठी, जवारीच्या पिठावानी.
थे पल्याडची ताकी, लोनी काढून घेतल्यावरची.
अन् हे म्हातारी चुन्याची,
पन पावसाया झाल्यावर भितीवर रायते तो चुना.
तुमाले दिसत नाई का?’

दिसत नव्हतं. खरं तेच सांगतो.
बावीस वर्षं उजेडावर पोट भरून
राख आणि ताक मला एकच दिसत होतं.
एक स्टॉप वाढवला, अर्धा कमी केला,
स्क्रीनवर सगळ्या खडूच्या गाई.

मग ताकीनं माशी हाकलायला मान वळवली.
गळ्याच्या पोळीला घडी पडली
आणि त्या घडीत, बोटभर जागेत,
दुधावरच्या पाण्यासारखं काहीतरी हिरवट निळं.
मी श्वास धरला.
मागे बघितलं तर चादर पांढरी नव्हतीच,
नीळ जरा जास्त पडलेली.
सयत्राबाईचे दात सुपारीखालून पिवळट पांढरे,
आणि वासराच्या तोंडाचा फेस, त्याला तर
सयत्राबाईकडेही नाव नव्हतं. विचारलं मी.

एकशेतेवीस फोटो हवे होते,
संध्याकाळी कार्डावर सहाशे सोळा.
डॉक्टर म्हणाले, ‘अहो, बिल्ला कुठाय यात?
यात नुसतं वशिंड, यात शेपटीचा गोंडा,
आणि हे काय, लुगड्यावर टेकलेलं नाक?’
बिल्ले शोधून दिले.
फॉर्म बदलला नाही, रकाना तेवढाच होता.

सोमवारी एक काका आले, वायगावकडचे,
टोपी घरी धुतलेली, कडेला तेलाची रेघ.
त्यांनी सवयीनं डोक्याकडे हात नेला.
‘राहू द्या,’ म्हटलं.
पाच मिनिटांच्या कामाला पाऊण तास लावला,
पडदा सरकवला, दार अर्धं लोटलं,
काका म्हणाले, ‘आटप ना बाप्पा, यष्टी जाते.’

तिसऱ्या दिवशी परत आले, तणतणत.
अर्ज नापास. टोपी अन् मागचा पडदा
एकच दिसते म्हनते कंपूटर.
चहा पाजला, टोपी काढून दुसरा फोटो दिला,
पैसे घेतले नाहीत.
कंपूटरवर मात्र राग आला नाही.
परवापर्यंत मीही तेच म्हणत होतो.